शेवटच्या बाकावरचे बाबा

शनिवारी दुपारी आमच्या घरात बोलायची बंदी असे. जेवणाची भांडी घासून झाली की आई स्वयंपाकखोलीतून लसूण, सुक्या मिरच्या, लोणच्याची बरणी, वासाची म्हणून जी जी वस्तू असेल ती उचलून मागच्या ओसरीवर नेऊन ठेवायची, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची आणि ‘घ्या बाप्पा तुमची खोली’ असं तोंडातल्या तोंडात म्हणत बाहेर यायची. मग बाबा अंघोळ करून, धुतलेला बनियन घालून, डोक्याला रुमाल बांधून आत जायचे. शेगडीत कोळसे फुलवायचे. कोपऱ्यातून तो लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा काढायचे. त्याच्या तोंडाला दोन गोल तवे होते, एक दुसऱ्यावर बसणारा, आणि त्यातल्या एकावर आतून क्रूस कोरलेला. तव्यावर मेणाचा हात फिरवायचा, मैद्याचं पातळ पाणी पळीभर सोडायचं, चिमटा दाबायचा. चर्र व्हायचं. कडेनं वाफ फुसफुसायची. चिमटा उघडला की आत कागदासारखी पांढरी चकती. माझं सगळं बालपण, म्हणजे बालपण संपून मी कॉलेजात जाऊ लागले तेव्हाचीही सगळी वर्षं, त्या चर्र आवाजाला बांधलेली आहेत. आजही शेजारच्या फ्लॅटमधून डोसा टाकल्याचा आवाज आला की मी नकळत गप्प होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही कॅथलिक. रविवारच्या मिस्सेत फादर जी पातळ गोल भाकर हातात धरून प्रार्थना करतात आणि मग रांगेत आलेल्या एकेकाच्या जिभेवर ठेवतात, ती होस्ती. प्रार्थना होईपर्यंत ती नुसता मैदा आणि पाणी, मीठसुद्धा नाही. प्रार्थना झाली की आमच्यासाठी तो साक्षात प्रभू, परमप्रसाद. तो घेतल्याशिवाय मिस्सा म्हणजे लग्नाला जाऊन जेवल्यावाचून परत येणं. आता आमच्या रायपूरच्या चर्चमध्ये होस्त्या प्लास्टिकच्या पाकिटात येतात, यंत्रानं कापलेल्या, एकसारख्या. चव तीच, म्हणजे काहीच नाही. पण तेव्हा आमच्या पल्लीच्या, म्हणजे त्या चर्चला जोडलेल्या सगळ्या घरांच्या, होस्त्या माझे बाबा भाजत असत. चकत्या रात्रभर दमट फडक्यात ठेवायच्या, नाहीतर कापताना तडकतात, आणि रविवारी पहाटे नळीच्या कातरीनं टकटक करत एकेक होस्ती पाडायची. उरलेली कातरण आम्हा पोट्टींची. मी आणि ताई ती साखर लावून खायचो, आणि भांडायचो, कारण मोठा तुकडा नेहमी ताई पळवायची.

बाबांचं नाव बेनेदिक्त तायडे. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. मूळचे अमरावतीकडचे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा रायपुरातच ब्राह्मणपाऱ्याच्या टोकाला दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण शुक्लाइन काकी अट घालून बसली होती की घरात मांसमच्छी शिजणार नाही. पहिल्या शनिवारी चिमट्याची वाफ पाहून ती धावत आली. ‘का रांधत हस बाबू?’ बाबांनी सांगितलं, मैदा आणि पाणी, देवाच्या पूजेला. म्हातारी खूश. ‘ए तो हमर चीला कस हे,’ म्हणाली, म्हणजे आमच्या धिरड्यासारखंच की, आणि तेव्हापासून पाऱ्यात, सगळ्या मोहल्ल्यात, त्याचं नाव बाबू के चीला. बाबांना राग आला नाही. त्यांना राग फार क्वचित यायचा, आणि खरं सांगू का, तेच आमच्या घराचं दुखणं होतं.

नोकरीत असताना अर्धं आयुष्य त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं काढलं. शनिवार-रविवारची सुट्टी मात्र मागून घेत, आणि घरी आले की दोन दिवस त्याची भरपाई करत. इतवारीहून संत्री आणायचे, पिशवी उघडून आधी वास घ्यायला लावायचे. आमच्या वेण्या तेच घालायचे, कारण आईचा हात जड होता, ती वेणी घालायला बसली की डोळ्यांत पाणी यायचं. ताईचे केस गुडघ्याला टेकायचे. ते विंचरताना बाबा मराठीत माळेची प्रार्थना म्हणायचे, एकेका पेडाबरोबर एकेक ‘नमो मरिये’. पल्लीत बाकी सगळं हिंदीत चालायचं. आमची चार-पाच मराठी घरं होती, त्यात तरणे पोट्टे हिंदीतच उत्तर देणारे. बाबा मात्र देवाशी मराठीतच बोलायचे. निवृत्तीनंतर तर चर्चच त्यांचं दुसरं घर झालं. पहाटेची घंटा तेच वाजवत, मेणबत्त्या लावत, कोणी मेलं की खड्डा खणायला माणसं तेच गोळा करत. आई म्हणायची, ‘माह्यासंग लगन केलं का चर्चसंग?’ बाबा हसायचे आणि पहिल्या बाकावर तिच्यासाठी रुमाल टाकून जागा धरायचे.

ताईचं नाव रेजिना. दिसायला आईवर, हट्टानं कोणावर कोण जाणे. ती एका दवाखान्यात नोंदणीचं काम करायची. तिथेच प्रकाश भाऊजी भेटले. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर, घर बीरगांवला, मंडळी आपल्याच विदर्भातली, बौद्ध. चांगला माणूस. मी आजही सांगते, आमच्या घरात जी चार शहाणी वाक्यं बोलली गेली असतील त्यातली तीन त्यांची. पण तेव्हाचे म्हातारे फादर कडक होते. मुलगा ख्रिस्ती नाही, म्हणजे बिशपांची परवानगी लागेल, मुलाला आधी सहा महिने धर्माचं समजून घ्यावं लागेल, मग बघू. तिकडे भाऊजींच्या आईला बुद्धवंदनेनं लग्न हवं. दोन्हीकडून ओढाताण. ताई एके दिवशी म्हणाली, ‘तुमचे देव तुमच्यापाशी ठेवा, आम्ही कोर्टात जाऊन राहिलो.’ आईनं कपाळ बडवलं. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, कोर्टात गेले, साक्षीदार म्हणून सही केली आणि येताना पेढे आणले. आईनं तो पेढा खाल्ला नाही. मी दोन खाल्ले.

नियम असा होता, आणि आजही आहे, की चर्चच्या बाहेर लग्न केलेल्याला परमप्रसाद मिळत नाही. मिस्सेला यावं, बसावं, गावं, पण रांगेत येऊ नये. फादरांनी ताईला ते नीट समजावून सांगितलं. पुढच्या रविवारी ताई आणि भाऊजी आले आणि मागे, दारापाशी, शेवटच्या बाकावर बसले. आणि आम्ही पाहतो तो काय, घंटा वाजवून झाल्यावर बाबा पहिल्या बाकाकडे आलेच नाहीत. तेही जाऊन शेवटच्या बाकावर बसले, बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन माणसांची जागा रिकामी. परमप्रसादाची रांग लागली. आई उठली, मागे वळून त्यांच्यापाशी गेली. ‘चला ना.’ बाबा म्हणाले, ‘तू जाय. मी हावो इथंच.’ सगळं चर्च माना वळवून पाहत होतं. ज्या माणसानं काल स्वतःच्या हातानं सगळ्यांसाठी होस्त्या भाजल्या तो हात मांडीवर ठेवून बसलेला, आणि त्याची पोरगी भिंतीकडे तोंड करून.

लोकांना काय, चघळायला गोठ पाहिजेच असते. ‘पोरीनं बापाले चर्चमध्ये खाली पाहाले लावलं.’ ‘बेनी बाबू लाजेनं रांगेत उभे नाही राहून राहिले.’ हे सगळं ताईच्या कानावर गेलं, आणि लोकांनी सांगायची गरजही नव्हती, तिलाही तेच वाटत होतं. तिला वाटलं बाबा तिला शिक्षा देताहेत. तोंडानं एक शब्द न बोलता, दर रविवारी, सगळ्यांसमोर. काही महिने तिनं ते सोसलं. मग एका रविवारी मिस्सा सुटल्यावर, आवारातल्या गुलमोहराखाली, बाबा चार पावलांवर उभे असताना ती आईला म्हणाली, ‘यायले सांग, माह्यासाठी असं सुतकात बसल्यासारखं बसू नका म्हणा. मीच येत नाही आता.’ बाबांनी ऐकलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण ते वळले आणि आत जाऊन मेणबत्त्या विझवू लागले. ताई गेली ती गेली. सणासुदीला घरी यायची, ओसरीवर आईशी बोलत बसायची. बाबा समोर आले की ‘बरी हायस?’ ‘हाव.’ एवढंच. नातवंडांना ते संत्री सोलून द्यायचे, बिया काढून. ताई चर्चला यायची थांबली, पण बाबा मात्र शेवटच्या बाकावरून हलले नाहीत.

कितीतरी वर्षं असंच चाललं. शनिवारी चर्र, रविवारी टकटक, आणि मग हात मांडीवर ठेवून बसलेला तो माणूस. आई चिडायची. ‘तिनं केलं ते केलं. तुमाले कायची शिक्षा? घरी बसून देवाची भाकर भाजता अन् तिकडं उपाशी उठता!’ बाबा म्हणायचे, ‘भाजाले काय, हात हायेत.’ कातरणसुद्धा ते तोंडात घालत नसत, आणि कातरण तर नुसता मैदा. मला वाटायचं, माझे बाबा कठोर आहेत. माझी वेणी घालणारा माणूस आतून असा दगड कसा निघाला, याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं, रागही यायचा.

मग म्हातारे फादर बदलून गेले आणि जशपूरकडचे एक तरुण फादर आले. काळेसावळे, हसरे, सायकलवरून फिरणारे. त्यांना आमच्या घरची शनिवारची शिस्त ठाऊक नव्हती. थेट स्वयंपाकखोलीत येऊन पाटावर बसले आणि बोलू लागले. मी दारात होते. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. फादर म्हणाले, ‘बाबूजी, एक बात पूछूँ? सबको खिलाते हो, खुद क्यों नहीं खाते?’ बाबांनी चिमटा उघडला, चकती काढली, फडक्यावर ठेवली. मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी बोलून टाळतील. पण बाहेरगावच्या माणसापाशी मन मोकळं होतं म्हणतात तसं झालं असेल. ते म्हणाले, ‘फादर, बेटी भूखी बैठी हो तो बाप के गले से कौर उतरता है क्या?’

फादरांना आधी कळलं नाही. मग ते म्हणाले की मनाई मुलीला आहे, तुम्हाला तर कोणी मना केलेलं नाही. बाबा म्हणाले, ‘मालूम है. नियमावरच नोकरी केली, फादर. उसको मना है, तो उसके साथ बैठा हूँ. इतनाच.’ ‘लेकिन वो तो अब आती भी नहीं.’ ‘आती नहीं तो क्या. जहाँ है, भूखी तो है.’ ओसरीवर आईच्या सुपाचा आवाज थांबला. फादरांनी विचारलं, देव रागावेल याची भीती नाही वाटत? बाबा चिमट्यावर मेण फिरवत होते. म्हणाले, ‘त्याले पोरगा होता. त्याले समजते.’

मी तिथेच दाराला धरून उभी राहिले. एवढी वर्षं! एवढी वर्षं आम्ही त्या माणसाला उलटं वाचलं. आई, मी, पल्ली, आणि ताई. तो तिच्या शेजारी बसला होता आणि तिला वाटलं तो तिच्यावर रुसून बसला आहे. हे सांगायला किती शब्द लागत होते? ‘पोरी, मी तुह्यासंग हावो.’ पण आमच्या बाबांच्या पिढीत प्रेम तोंडानं बोललं की त्याचं पाणी होतं, असं त्यांना शिकवलं होतं. कोणी शिकवलं त्या माणसाला शोधून दोन कानफटात द्याव्यात असं मला आज या वयातही वाटतं.

फादर मात्र उठून उभेच राहिले. म्हणाले, बाबूजी, ही तर अर्ध्या तासाची गोष्ट आहे. बिशपसाहेबांची परवानगी मी मागवतो, मुलगा बौद्धच राहू दे, काही हरकत नाही, दोन साक्षीदार, एक आशीर्वाद, की दीदी परत रांगेत. बाबांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा मी शनिवारी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं. ‘लुशे! उद्याच जाय बीरगांवले. ताईले सांग.’ आई आत येऊन म्हणाली, ‘तुमीच जा ना.’ बाबांचा चेहरा पडला. ‘मी काय सांगू तिले? लुशीच जाईन.’ सगळी लाईन पालथी घातलेला माणूस, पण बीरगांवच्या टेम्पोत चढायची त्याची हिंमत नव्हती.

बीरगांवला ताईच्या अंगणातल्या पेरूच्या पानांवर कारखान्यांची काळी भुकटी बसलेली असायची, कितीही धुवा. ताई चुलीपुढे होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली कोनाड्यात मरियामायची आमच्या घरची छोटी तसबीर, तिच्यासमोर ताजं फूल. मी मनात म्हटलं, होईल, सगळं होईल. आणि सगळं सांगितलं, बाबांच्या शब्दांत, फादरांच्या शब्दांत. भाऊजी खाटेवर बसून ऐकत होते. आधी तेच बोलले. ‘मी तं पहिल्यापासून म्हणत होतो, एकदा चर्चमध्ये जाऊन हातात हात देऊन येऊ. माहं काय जाते? रेजिनाच म्हणाली, बाबांले नको असन.’

ताई तव्यावरची भाकर उलटायची विसरली. करपल्याचा वास सुटला तसा तिनं तवा उतरवला. मला वाटलं ती रडेल, मला मिठी मारेल. ती उठली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, ‘मग मले काहून नाही सांगितलं? माह्या दोन्ही बाळंतपणात मी पडल्यापडल्या विचार करत होती, का माह्यापायी बाप देवापासून तुटला. मले झोप नाही आली, लुशे. अन् तो माह्यासाठी उपाशी होता म्हणते! मी मागितलं होतं का? मले त्याचा उपास नोको होता, मले त्याचा एक शब्द पाहिजे होता!’ भाऊजी म्हणाले, ‘अवं, म्हाताऱ्या माणसाले असं...’ ‘तुमी गप बसा. सांग त्याले, मी नाही येत. खाय म्हणा आता पोटभर.’ तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाबांचंही चुकलं म्हणवत नाही. दोघांची सारखीच जिद्द, आणि मध्ये मी, दोन्ही बाजूंनी कुटली गेलेली.

घरी आले तेव्हा बाबा दारातच उभे होते, पायात चपला घालून, जणू ताई मागून येत असली तर पुढे होऊन तिची पिशवी घ्यायची. मी म्हटलं, ‘ताई म्हणते, तुमी घेत जा.’ ‘अन् ती?’ मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या. ‘बरोबर हाय तिचं,’ म्हणाले. आईनं त्या दिवशी त्यांच्या आवडीची आंबाडीची भाजी केली होती, ती तशीच राहिली. बिशपांची परवानगी महिन्याभरात आली. फादर म्हणाले, असू दे, माझ्याकडे राहील, दीदीच्या मनात येईल तेव्हा. बाबा पुन्हा शेवटच्या बाकावर. आता मला त्यांच्याकडे बघवत नसे. आधी ते कठोर वाटायचे तेव्हा सोसवत होतं, आता कळल्यावर सोसवेना. मी दर पंधरा दिवसांनी बीरगांवला जायची, ताईपुढे हात जोडायची. पालथ्या घड्यावर पाणी. ती म्हणायची, ‘तो येऊ दे. एक बार येऊन बोलू दे.’ मी बाबांना सांगायची. ते म्हणायचे, ‘जाईन. इस्टर होऊ दे. ऊन कमी होऊ दे.’ असं करता करता ते गेलेच नाहीत.

तो शनिवार मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी आमच्या शनिवारच्या खोलीतून पहिल्यांदा जळका वास आला. मी ओसरीवर वाचत होते, आई लवंडली होती. चर्र, मग थोडं थांबून चर्र, असं चाललेलं. मग आवाज थांबला. मला वाटलं कोळसा घालत असतील. मग तो वास. आई शनिवारची बंदी विसरून ‘अवो!’ म्हणून ओरडली. आत बाबा भिंतीला टेकून बसले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, चिमटा मिटलेला आणि विस्तवातच. शुक्लाइन काकीनं रिक्षा बोलावली. तिनंच त्यांना एका बाजूनं धरलं, शिवाशीव मानणाऱ्या म्हातारीनं, आणि सगळ्या वाटेत ‘बाबू, ए बाबू’ म्हणत राहिली.

दवाखान्यात त्यांच्या नाकातून नळी घातली. उजवा हात गेला, बोलणं गेलं, गिळणं गेलं. डोळे उघडे होते, पण ते आम्हाला बघतात की आमच्या पलीकडे, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली, तशीच, घरातल्या साडीवर, भाऊजींच्या मागे गाडीवर बसून. आली ती सरळ त्यांच्या पायथ्याशी. ‘बाबा, मी आली. बाबा, बोला ना.’ आता बोला म्हणत होती, आणि आता त्यांच्यापाशी बोलणंच उरलं नव्हतं. फादर आजारी माणसाला देतात तो पवित्र तेलाचा अभ्यंग द्यायला आले होते, परमप्रसादाची छोटी डबी गळ्यात. ताई वळून त्यांना म्हणाली, ‘फादर, अभी कर दीजिए. यहीं. उनके सामने.’ फादरांनी एक क्षणही घालवला नाही. ताईला व्हरांड्यात नेऊन तिचा पापस्वीकार ऐकला, मग खाटेपाशी येऊन तिचा आणि भाऊजींचा हात एकमेकांत दिला. साक्षीदार मी आणि आई. नाकात नळी घातलेला बाप आणि दोन लेकरांची आई झालेली नवरी. वरातीमागून घोडं म्हणतात ते आमच्या घरी असं आलं. शेजारच्या खाटेवरची माणसं उठून बघत होती.

मग फादरांनी डबी उघडली. बाबांनी आजारी पडायच्या आधीच्या शनिवारी भाजलेल्या होस्त्या होत्या त्या, मी कातरताना मदत केली होती. त्यांनी एक होस्ती ताईच्या जिभेवर ठेवली. तिनं ती गिळली. आणि मग फादर बाबांकडे वळले आणि नर्सबाईकडे बघितलं. ती म्हणाली, ‘नहीं फादर. एक कण भी नहीं. फेफड़े में चला जाएगा.’ फादरांनी विचारलं, पाण्यात विरघळवून, थेंबभर? ती नाही म्हणाली. तिला तरी काय म्हणणार, तिचं काम होतं. फादर होस्ती बाबांच्या डोळ्यांपुढे धरून उभे राहिले, बराच वेळ, आणि मग त्यांनी ती परत डबीत ठेवली. मी बाबांचे डोळे पाहत होते. त्यांतून पाणी आलं. पण पाणी तर सकाळपासूनच येत होतं, एका बाजूच्या डोळ्यातून, त्या आजारात येतंच म्हणे. त्यांना कळलं की नाही, पोरगी जेवली हे त्यांनी पाहिलं की नाही, हे मला माहीत नाही. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला की पाहिलं. समजूत पटत नाही. बाबा मंगळवारी गेले.

त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेत पुन्हा रांग लागली. सगळी पल्ली आली होती, शुक्लाइन काकी दाराबाहेर पदर घेऊन उभी. ताईला आता मोकळीक होती, रांगेत पहिली जायची. ती उठलीच नाही. मला वाटलं, भरून आलंय, आज नको. पुढच्या रविवारी ती आली आणि शेवटच्या बाकावर बसली, बाबांच्या टोकाला. फादर स्वतः तिच्याकडे गेले, म्हणाले, दीदी, आता काही अडचण नाही. ती म्हणाली, ‘मालूम है, फादर.’ बाबांचेच शब्द, बाबांचाच सूर. मी तिच्याशी भांडले, रडले, त्यांनी हे तुझ्यासाठी केलं, तू घेतलंस तर त्यांचा उपास सुटेल, असं काहीबाही समजावलं. ती ऐकून घेते आणि म्हणते, ‘माह्यासमोर तो उपाशी गेला, लुशे. मी खाल्लं अन् तो पाहात राहिला.’

चिमटा माझ्याकडे आहे, समता कॉलनीतल्या फ्लॅटच्या माळ्यावर, गंजलेला. मुलगा म्हणतो, भंगारात देऊन टाक. आई गेली, भाऊजी गेले, शुक्लाइन काकीच्या घराच्या जागी चार मजले उभे राहिले. ताई आता काठी टेकत येते, नातू तिला चर्चच्या दाराशी सोडून जातो. नव्या लोकांना वाटतं, या म्हातारीच्या लग्नात काहीतरी खोट असेल, म्हणून रांगेत येत नाही. मी कोणाला सांगत बसत नाही. मला देवावर राग आहे का? आहे. रोज मिस्सेला जाते आणि रोज आहे. त्यानं एकदा, फक्त एकदा, बाबांना टेम्पोत बसवायला हवं होतं.

मागच्या रविवारी मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले. परमप्रसादाची घंटा झाली, रांग लागली. मी तिचा हात धरला. हात हलका झाला आहे आता, नुसती हाडं. म्हटलं, ‘ताई, आता तरी चल. आपण दोघी आता किती दिवसांच्या?’ तिनं माझा हात सोडवला, माझ्या पाठीवर थोपटलं आणि पुढे बघत म्हणाली, ‘तू जाय. मी हावो इथंच.’ बाकाच्या आतल्या बाजूनं कोणीतरी वाट द्या म्हणालं. मी उठून रांगेत उभी राहिले.